लढाईनंतरची पहिली मॅच

घरात नवा माणूस आला, मग तो गॅसवाला असो, चाचीचा लांबचा भाचा असो की माझ्यासारखी भाडेकरू, चाचा त्याला आधी खुर्ची द्यायचे, मग पाणी द्यायचे आणि मग विचारायचे, "तू लढाईच्या आधीचा, का नंतरचा?"

माझ्या हातात बॅग तशीच होती. मी विचारलं, "कुठली लढाई?"

"कुठली पन. लढाई काय एकच असते?"

"चाचा, मी सत्तावीस वर्षांची आहे."

"मग नंतरची." त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. आतल्या दिशेनं ओरडून म्हणाले, "नंतरची हाय गो! खोली दे तिला."

अशी मला आखातातल्या ह्या बेटावर, बुसैतीनमध्ये खोली मिळाली. ना पोलिसांचा कागद, ना जातीची चौकशी. कोल्हापुरात खोली शोधताना आडनावावरून तीन दारं बंद झालेली मी पाहिली होती. रत्नागिरीच्या खाडीकाठचा हा मुसलमान म्हातारा मात्र मला फक्त लढाईबद्दल विचारत होता, आणि त्या प्रश्नाचा अर्थ मला चार वर्षं राहूनही नीट लागला नाही.

मी विद्यार्थी संघटनेत वाढलेली मुलगी. पत्रकं लिहून हात बसला. पहिल्या ओळीत कोण, दुसरीत काय झालं, तिसरीत मागणी. बाकी सगळं पाल्हाळ. आता अदलियात एका छोट्या ऑफिसात कॅफेंची मेन्यूकार्डं डिझाईन करते, तरी डोकं त्याच साच्यातलं आहे. चाचांचं पत्रक मला कधी जमलं नाही. कोण, ते सांगता येतं: सित्राच्या एका वर्कशॉपमधले स्टोअरकीपर. वेल्डिंग रॉड, वॉशर, हातमोजे देणारा माणूस. काय झालं, ते अर्धंमुर्धं सांगता येतं. मागणी काय होती, ते चाचांनाच ठाऊक असेल तर असेल.

दर शुक्रवारी सकाळी ते मआमीरजवळच्या खडीच्या मैदानावर अंपायर म्हणून उभे राहायचे. कारखान्यांचा वास, वाऱ्यावर उडणारी धूळ, लोखंडी पट्टीवर वेल्डिंग करून उभे केलेले तीन पाइप म्हणजे स्टंप, आणि इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेला टेनिस बॉल. एवढ्यासाठी गुरुवारी संध्याकाळी अंपायरचा पांढरा कोट भाताच्या पेजेत बुडवून कडक करायचा. तो कोट मुळात कुठल्याशा दंतवैद्याचा होता. घातला की चाचा दात काढायला निघालेत असं वाटायचं.

घरातही अंपायरिंग चालूच. कालवणात मीठ जास्त झालं की ते काही न बोलता दोन्ही हात आडवे पसरायचे. वाईड.

"हात काय पसरता?" चाची म्हणायची. "ताट उचला नि धुवा."

मला क्रिकेट आवडत नाही, हे इथंच सांगून टाकते. पैसा, जाहिराती आणि छाती बडवणं, एवढंच त्यात मला दिसतं. चाचांनाही ते क्रिकेट आवडत नसावं. कोण किती धावा करतो, कोणाचा विक्रम मोडला, ह्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त एका प्रकारच्या मॅची आवडायच्या: लढाई थांबल्यावर खेळलेली पहिली मॅच. "बाकी सगळे हिशेब," ते म्हणायचे. "लढाईनंतर पयला बॉल कोन टाकतो, ता बघायचा."

ह्या वेडाचं मूळ त्यांचे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते गोऱ्यांच्या बोटीवर खलाशी होते. कोकणातली कितीतरी माणसं होती अशी. त्यांची नावं कुठल्या चौकात लावलेली मला दिसलेली नाहीत, पण तो राग वेगळा. बोट बुडाली, आजोबा वाचले आणि विलायतेतल्या एका बंदरात खलाशांच्या वसतिगृहात अडकून पडले. तिथून कुणीतरी त्यांना मॅच बघायला नेलं. इथपर्यंत गोष्ट कायम असायची. पुढे ती फाटे फोडायची.

कधी ती मॅच असायची ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांची आणि इंग्लंडची, युरोपातली लढाई थांबल्या थांबल्या. शत्रूच्या कैदेतून सुटून आलेला, हाडं निघालेला एक खेळाडू बॅट घेऊन निघाला आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. (असं खरंच झालं होतं, मी शोधून वाचलं.) तर कधी ती मॅच असायची त्याच्या पुढच्या वर्षीची, पावसाळी थंडीतली, हिंदुस्थानच्या टीमची. तेव्हा आजोबांना खेळातलं काही कळत नव्हतं, आणि आपला माणूस आउट होऊन परत येत होता तेव्हाच त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"आजूबाजूचे गोरे हसले," चाचा सांगायचे. "आजोबा म्हनाले, अरे, जिता परत आला ना? मग?"

मी वाद घालायची. वाद घातल्याशिवाय मला जेवण पचत नाही. "चाचा, तुमचं उदाहरणच चुकीचं आहे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया एकाच बाजूनं लढले. जर्मनी-जपानशी कोण क्रिकेट खेळलं? मित्रामित्रांनी मॅच खेळली, त्यात शांतता कसली?"

चाचांनी चहा बशीत ओतला. मला वाटलं, जिंकले.

"बरं," ते म्हणाले. "मग ती दुसरी मॅच घे. ज्या टीमला आजोबांनी टाळ्या वाजवल्या, त्या टीमची वर्षभरात दोन मुलखांत वाटनी झाली. त्यातले काय जन मागाहून पलीकडून खेळले. मग मला सांग, त्या टाळ्या कोनाच्या खात्यात गेल्या?"

"हे उत्तर नाही, चाचा. हा प्रश्न आहे."

"हां," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

त्या टाळ्यांची मैदानावर एक प्रथाच झाली होती. हॉस्पिटलातून, तुरुंगातून, कुणाला माती देऊन परत आलेला माणूस बॅटिंगला निघाला की चाचा टोपी काढायचे, आणि समोरच्या टीमनं तो उभा राहीपर्यंत टाळ्या वाजवायच्या. न वाजवल्यास पहिला बॉल नो-बॉल. कोण ह्या टाळ्यांना पात्र, ते अंपायर ठरवणार. एकदा आमच्या गुहागरच्या ड्रायव्हरला, दिन्याला, लग्न करून परत आल्यावर टाळ्या मिळाल्या. पलीकडची पोरं म्हणाली, ये कौन सी जंग से आया? चाचा म्हणाले, तुम्हारा हुआ नहीं, इसलिए पूछता है.

अंपायर दोन. एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला उस्ताद. उस्ताद सियालकोटकडच्या एका गावचे, एसी दुरुस्त करणारे; मेंदी लावलेली दाढी, शब्द मोजून खर्च करणारे. शुक्रवारची मॅच बहुतेक त्यांच्या कामगार-कॅम्पची आणि आमच्या कोकणी टीमची असायची. उस्तादांनी उभ्या आयुष्यात कुणाला पायचीत दिलं नव्हतं. बॉल पायाला लागला, सगळे ओरडले, तरी ते आभाळाकडे बघायचे. "जो गेंद गई ही नहीं," ते म्हणायचे, "उसकी गवाही मैं कैसे दूँ?" ह्यावर दोघांचं मी जन्माला येण्याच्या आधीपासून भांडण चालू होतं. भांडून झालं की एकाच डब्यातून खायचे.

मग आपल्या दोन देशांत ती लढाई झाली. तिला लढाई म्हणायचं की नाही, ह्यावरसुद्धा माणसं भांडली. थांबली तीही लवकरच. पण तेवढ्या दिवसांत मोबाइलमधून जे वाहिलं ते गटार अजून आटलेलं नाही. इकडच्या पोरांना घरून व्हिडिओ येत होते, तिकडच्यांना तिकडून. एका कंपनीतला सुपरवायझर स्पष्ट म्हणाला, भांडण दिसलं तर व्हिसा खलास, दोघांचा. शुक्रवारचं मैदान रिकामं पडलं.

उस्तादांचं गाव सीमेच्या अंगावर. हे चाचांना माहीत होतं. बातम्यांत त्या भागाचं नाव आलं की चाचा फोन उचलायचे, चष्मा काढायचे, चष्मा पुसायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

"करा की फोन," चाची म्हणाली.

"करतो."

लढाई थांबली तरी केला नाही. उन्हाळा गेला तरी नाही. मी एक दिवस ताडकन बोलले. मला असल्या गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. "एवढी वर्षं एका डब्यात जेवलात. एक फोन नाही करवत? कसली दोस्ती ही?"

"काय विचारू?" चाचा म्हणाले. "तुझा घर हाय काय? असा विचारू? आनि तो म्हनाला, नाय, पाडला. आनि मग त्यानं विचारला, कोनी पाडला? मग?"

"मग सांगा की मी नाही पाडलं! सांगा की आम्ही असल्या लढायांच्या विरोधात आहोत!"

"आमी म्हनजे कोन गो?"

"तुम्ही घाबरता, चाचा. सरळ सांगा ना."

"घाबरतो," ते म्हणाले. "मग?"



पुढे टीव्हीवर दोन्ही देशांच्या मोठ्या टीमा खेळल्या आणि खेळाडूंनी एकमेकांशी हात मिळवले नाहीत. मी संतापानं लाल झाले होते. म्हटलं, पैसे मिळवायला चालतात आणि हात मिळवायला चालत नाहीत! चाचा मात्र टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन, वाकून, काहीतरी शोधत होते.

"काय बघताय?"

"अंपायरांनी एकमेकांना हात दिला काय, ता दाखवलाच नाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत दिन्या बातमी घेऊन आला. दारातच म्हणाला, "चाचा, उस्ताद चालले. कायमचे. कंपनीनं सोडलं, वयच झालं त्यांचं. पुढच्या शुक्रवारी रात्रीचं विमान."

चाचा कोट इस्त्री करत होते. मैदान बंद असूनही दर गुरुवारी करायचे. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाले, "म्हनजे मॅच सकाळी घ्यावी लागेल."

"कसली मॅच? पोरं येणार नाहीत, चाचा."

"लढाईनंतरची पयली मॅच हाय. झाली पायजे."

मला हे एकदम पटलं. इतकी वर्षं हा माणूस मला कळत नव्हता. आता मागणी सापडली. मी रात्रीतून नव्हे, तिथंच टेबलावर बसून पत्रक लिहिलं. हिंदीत, उर्दू लिपीतही कुणाकडून करून घेणार होते. कामगारांना कामगारांशी लढवणारे कोण, मैदान कोणाचं, सगळं ठणठणीत. चाचांनी चष्मा लावून वाचलं. चांगलं लिवलंस म्हणाले. मग घडी घालून मला परत दिलं.

"नको."

"का नको?"

"हा वाचून जो येईल तो तुझ्या कागदासाठी येईल. आनि जो येनार नाय, तो कागदामुळं येनार नाय. माझा एक मानूस यायला पायजे."

"मग त्या एका माणसाला फोन करा!"

त्यावर ते पुन्हा कोटाकडे वळले. मी चाचीला म्हटलं, तुमचा नवरा मला कळत नाही. चाची म्हणाली, मला कधी कळला? जेवायला बस.

त्या आठवड्यात चाचांनी एकट्यानं मॅच जमवली. मआमीरच्या रस्त्यावर एक करकचं, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचं, दुकान आहे, शिफ्ट सुटली की दोन्हीकडची पोरं तिथं थांबतात, हल्ली वेगवेगळ्या बाकांवर. मी हट्टानं सोबत गेले. पहिल्या संध्याकाळी चाचा आमच्या पोरांच्या बाकावर बसले आणि आजोबांची हिंदुस्थानच्या टीमची गोष्ट सांगितली. दुसऱ्या संध्याकाळी पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. तिथली पोरं सरकून बसली. चाचांनी कैदेतून सुटलेल्या खेळाडूची गोष्ट सांगितली, आणि आजोबा त्याच्यासाठीच टाळ्या वाजवत होते असं ठोकून दिलं.

गाडीत मी म्हटलं, "काल आजोबा एका मॅचला होते, आज दुसऱ्या. खोटं बोललात तुम्ही."

"दोनी मॅची झाल्या ना?"

"झाल्या. पण आजोबा दोन्हीकडे कसे?"

"म्हातारा फिरायचा," चाचा म्हणाले आणि गिअर टाकला.

उस्ताद चहाच्या दुकानात नव्हते. त्यांच्या कॅप्टननं, नवाझनं, निरोप पोचवतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोपाचं उत्तर आलं. एकच शब्द: "देखेंगे."

शुक्रवारी हवा निवली होती. मैदानावर पोरं आली, सगळी नाही, दोन्हीकडे आठ-आठ. आपापल्या पिकअपला टेकून उभी. कुणी कुणाकडे बघेना. चाचांनी स्टंप उभे केले, एका टोकाला जाऊन उभे राहिले आणि दुसऱ्या टोकाकडे बघत राहिले. तिथं कोणी नव्हतं.

दिन्यानं विचारलं, "चाचा, आज टाळ्या कुणाला?"

"कोनाला नाय."

"का?"

"अजून कोन सुटून आलाय?"

तेवढ्यात पलीकडच्या पिकअपचं मागचं दार वाजलं. उस्ताद उतरले. प्रवासाचे नवे कपडे, पायात मात्र कामाचे बूट. ते चालत दुसऱ्या टोकाला गेले, बेल्स नीट केल्या आणि चाचांकडे न बघता हात वर केला: सुरू करा.

आणि मॅच सुरू झाली. मी बाजूला पाण्याच्या कॅनपाशी बसले होते आणि चिडत होते. ना सलाम, ना मिठी, ना दोन शब्द. ओव्हर संपली की एक स्टंपांमागे यायचा, दुसरा बाजूला स्क्वेअर लेगला जायचा, एकमेकांकडे न बघता, दोन अनोळखी माणसं जिन्यात जातात तसे. एकदा नवाझच्या पायाला बॉल लागला, आमची पोरं गळा फाडून ओरडली, उस्तादांनी आभाळाकडे पाहिलं. चाचा तिकडून नेहमीसारखे भांडतील असं मला वाटलं. त्यांनी पुढच्या बॉलची खूण केली. 

मधल्या सुट्टीत दोघं पाण्यासाठी आले. मी दोघांना ग्लास दिला. उस्ताद उभ्यानं प्यायले. चाचा ग्लास हातात धरून म्हणाले, "घर?"

एवढंच.

उस्तादांनी तोंड पुसलं. "है."

"पूरा?"

"एक दीवार गई."

"कौन सी?"

"पीछे वाली. जिधर भैंस बाँधते थे."

"भैंस?"

"भैंस ठीक है. दूध कम हो गया."

 आता उस्ताद विचारणार, कोणी पाडली? आता चाचा काहीतरी म्हणणार, जे मला महिनोन्महिने ऐकायचं होतं. चाचांनी विचारलं, "ब्लॉक की थी, कि ईंट की?"

"ईंट. कच्ची."

"नींव?"

"नींव बैठ गई एक तरफ़ से."

आणि मग ते दोघं खाली उकिडवे बसले. उस्तादांनी बोटानं धुळीत भिंत काढली. चाचांनी तिला आडवी रेघ मारली, इथं सळई टाक म्हणाले, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. उस्ताद म्हणाले, सळई महाग आहे उधर. चाचा म्हणाले, मग कोपऱ्यात तरी टाक, कंजूस. उस्ताद म्हणाले, तू आके डाल दे. चाचा म्हणाले, व्हिसा देगा तेरा बाप? उस्ताद हसले नाहीत, पण दाढी हलली.

मला कळेना. लढाईचं नाव नाही, कुणाचा निषेध नाही, माफी नाही, दुःखसुद्धा नाही. सळई! माझ्या पत्रकात मी ह्याच दोघांच्या तोंडी किती मोठी वाक्यं घातली होती. पोरं मैदानातून ओरडली, "यल्ला, चलो उस्ताद! चाचा! जुम्मे की नमाज़ है!" तेव्हा कुठं दोघं गुडघ्यांवर हात देऊन उठले.

मॅच आमची पोरं शेवटच्या ओव्हरच्या आधीच हरल्यात जमा होती, धावा आवाक्याबाहेर गेल्या होत्या. तरी ओव्हर टाकायची म्हणून टाकली. बॉलिंगच्या टोकाला चाचा, स्क्वेअर लेगला उस्ताद. चाचा बॉल मोजायला स्टोअरमधले नट वापरायचे. प्रत्येक बॉलला एक नट डाव्या खिशातून उजव्या खिशात. नवाझ बॉल टाकत होता. पहिले दोन-तीन बॉल चाचांचा हात खिशात गेलेला मी पाहिला. मग तो गेला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले. नजर बॅट्समनवर नव्हती. त्याच्या पलीकडे, उस्तादांवर होती.

सहा बॉल झाले, ओव्हर संपली. नवाझनं वळून चाचांकडे बघितलं, थोडा थांबला, आणि परत आपल्या खुणेकडे चालत गेला. आणखी एक बॉल टाकला. दिन्यानं तो साधा अडवला, बॅटनं उचलून परत दिला. आणखी एक. मारायला सोपा होता. त्यानं पुन्हा अडवला. ज्याला गेल्या आठवड्यात ह्या पोरांबरोबर चहासुद्धा प्यायचा नव्हता, तो दिन्या. उस्तादांना मोजता येत होतंच, पण तेही आभाळाकडे बघत होते, जणू सगळे पायचीतसाठी ओरडताहेत.

चाचा चुकले होते की मुद्दाम करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मला तेव्हा एवढंच दिसलं की चूक होतेय आणि कोणी बोलत नाही. मी उठले, हातांचा कर्णा केला आणि ओरडले, "चाचा! ओव्हर कधीच..."

सीमेवर उभा असलेला पलीकडचा एक पोरगा, ज्याचं नाव मला माहीत नव्हतं, धावत माझ्याकडे आला. रागानं नव्हे, घाबरल्यासारखा.

"बाजी, बैठो ना," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसा हळूच म्हणाला. "थोड़ा और चलने दो."

मी बसले. नवाझ धापा टाकत पुन्हा खुणेकडे निघाला होता.